पाच वाजता जाणारं नेट

२४ जानेवारी, शुक्रवार

नागपूरहून ओळखीच्या श्रद्धाचा फोन आला. ती ज्या संस्थेत काम करते, तिथे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवतात. माझी निवड झाली! म्हणजे अगदी पक्की नाही, फेब्रुवारीचा महिना बघणार, मग ठरवणार. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी पाच वाजता. मुलं रायपूरची, इटारसीची, दोनतीन आपल्या जबलपूरचीच. एकसष्टाव्या वर्षी पहिली नोकरी लागली तर काय करतात ते मला माहीत नाही. मी गॅसवरचं दूध उतू घालवलं.

ह्यांना सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाले, "काहून? आता या वयात?" मी म्हटलं, याच वयात विचारलं त्यांनी, त्याला मी काय करू. मग म्हणाले, "कर बाबा. पण माझा पाचचा चहा?" मी हसले. चहा साडेचारला होईल म्हटलं.

अडचण एकच. नेटची वायर खाली ह्यांच्या खोलीच्या खिडकीतून येते. तिथे टीव्ही, तिथे ह्यांचा रेडिओ, तिथे वर्ग कसा घेणार? वरच्या खोलीत शांतता आहे पण रेंज नाही. जुन्या घराच्या भिंती अशा जाड की हाक मारली तरी वर पोचत नाही. अवंतीला हैदराबादला फोन केला. ती म्हणाली, आई, राउटर पाठवते, वर लाव, मस्त चालेल. लेकीला सगळं सोपं वाटतं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन टीव्हीवर पाहिलं आणि कामाला लागलो. अवंती व्हिडिओवर. तिने समजावलं ते माझ्या भाषेत लिहून ठेवते, नाहीतर उद्या विसरेन. मोडेम नेट बाहेरून घरात आणतो. राउटर ते घरात वाटतो, हवेतून. दोघांच्या मध्ये एक वायर. आमचा मोडेम जुना आहे, त्याला नुसतं आणताच येतं, वाटता येत नाही.

मी ती वायर राउटरच्या पिवळ्या भोकात घातली आणि तासभर दोघींनी एकमेकींचं डोकं खाल्लं. ती निळ्या भोकात घालायची होती. पिवळी चार आहेत म्हणून मला वाटलं तीच महत्त्वाची असणार. निळ्यात घातल्याबरोबर दिवा हिरवा झाला आणि मी टाळ्या वाजवल्या.

हे तोपर्यंत खुर्चीत बसून नुसते बघत होते. ह्या घरातल्या वायरी म्हणजे ह्यांचं खातं. फॅक्टरीत जन्मभर इलेक्ट्रिकल सेक्शनला होते. मी लग्न होऊन आले तेव्हाच ह्यांनी सांगितलं होतं की बोर्डाला हात लावायचा नाही, आणि मी आजवर फ्यूजसुद्धा बदललेला नाही. फॅक्टरीवाल्या सगळ्याच घरांत असं आहे, बायकांना त्यात आनंदच वाटतो. शेवटी हे उठले. जिन्याजवळच्या भिंतीला भोक पाडलं, वायर वर नेली, खिळे इतके सारखे ठोकले की बघत राहावं. मोडेम ह्यांच्या पलंगाशेजारच्या फळीवर, राउटर माझ्या टेबलावर. दोन्ही इन्व्हर्टरवर जोडून दिले, लाइट गेली तरी वर्ग बंद पडू नये म्हणून.

नेटला नाव द्यायचं होतं. मी 'कुंदा वरचा मजला' असं दिलं. हे म्हणाले, "घराचं नाव नाही टाकलं?" मी म्हटलं, घर तर सगळं तुमच्याच नावाचं आहे, एवढं तरी राहू द्या. हसले नाहीत. थकले असतील.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला वर्ग! मुलं बाराच होती पण पडद्यावर जत्रा भरल्यासारखी दिसत होती. रायपूरचा वेदांग, नऊ वर्षांचा, म्हणाला, "आजी, मैं समझता सब हूँ, बोलता नहीं हूँ." मी म्हटलं, आमच्याकडे नवरे असेच असतात. त्याची आई मागे बसली होती, ती खो खो हसली. मग मीही हसले. किती दिवसांनी असं हसले असेन.

खाली आले तर ह्यांनी स्वतः चहा करून घेतला होता. साडेचारला मी केला होता तो गार झाला म्हणाले. स्वतः केल्याचं जेवेपर्यंत तीनदा सांगितलं. मी दरवेळी कौतुक केलं. "वरती काय एवढं हसून राहिली होती?" विचारलं. मी वेदांगचं सांगितलं. नवऱ्यांचा भाग गाळला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज वर्ग चालू असताना नेट गेलं. सुखदा नावाची मुलगी कविता म्हणत होती, तोंड उघडं राहिलं तिचं पडद्यावर. राउटरचा दिवा विझला होता. मी काय करावं याचा विचार करते आहे तोवर हे जिन्यात उभे. "काय झालं?" मी अजून हाकसुद्धा मारली नव्हती. सत्तरीकडे चालले तरी कान केवढे तिखट! खाली जाऊन बघतो म्हणाले आणि थोड्या वेळात नेट आलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज दोनदा गेलं. संध्याकाळी नेट कंपनीच्या ऑफिसला फोन करून करून सचिन नावाच्या माणसाला बोलावलं. त्याने मोडेम पाहिला, बाहेरची वायर पाहिली, म्हणाला, "आंटीजी, लाइन एकदम ओके है." मी म्हटलं, ओके असती तर तुला बोलावलं असतं का? चार गोष्टी सुनावल्या. पाणीसुद्धा विचारलं नाही. हे म्हणाले, "जाऊ दे, ही कंपनीच बेकार आहे."

अवंतीने सांगितलं की दिव्याकडे नीट लक्ष दे. नारंगी झाला तर बाहेरून येत नाही. साफ विझला तर मोडेम आणि राउटरच्या मधली वायर. आमचा विझतो. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, उंदीर असतील, आपल्या घमापुरात उंदीर नाहीत असं घर दाखव.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हे सकाळी उठून कमानिया गेटच्या बाजारात गेले आणि नवी जाड वायर घेऊन आले. बिनसांगता. दुपारभर शिडीवर चढून जुनी काढली, नवी लावली, उंदराने कुरतडू नये म्हणून वरून पाइप घातला. घामाघूम झाले होते. मी खाली शिडी धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, नाही नाही म्हणतात पण किती करतात माझ्यासाठी.

पाच वाजून गेल्यावर नेट गेलं. मला रडूच आलं, माझ्यापेक्षा ह्यांच्या मेहनतीसाठी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एकदम झकास वर्ग. एक मिनिटही गेलं नाही. वेदांगने पहिलं पूर्ण मराठी वाक्य केलं, "माझ्या आजीला राग येऊन राहिला." शुद्ध केलं नाही, आपल्याच घरातलं वाक्य आहे. हे रत्नाकर भाऊजींबरोबर मझौलीला शेत बघायला गेले होते, रात्री आले. त्यांना दाखवायला हवं होतं की त्यांची वायर किती छान चालली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मंगळवारी गेलं. आज तीनदा. मुलं आता "आजी फ्रीज हो गई" म्हणून माझ्यासारखं तोंड करून थांबतात. मला मजा वाटली असती, पण वर्ग संपल्यावर श्रद्धाचा फोन आला. आईवडील तक्रार करतात म्हणाली. "काकू, तुमचं शिकवणं खूप छान आहे, पण मुलांचा वेळ जातो ना." मी कंपनीला नावं ठेवली, उंदरांना नावं ठेवली, एका दमात. पुढच्या गुरुवारी तिच्या वरच्या मॅडम वर्ग बघायला येणार आहेत, त्यावर सगळं ठरणार.

जेवताना ह्यांना सांगितलं. "टेंशन काहून घेते? होत नाही तर सोड. आपल्याला काय कमी आहे?" आवाजात इतकी माया होती की मी हो म्हणाले. मनात मात्र नाही म्हणाले. मला ही नोकरी पाहिजे. इथे लिहायला हरकत नाही: मला आजवर कुठलीच गोष्ट इतकी पाहिजे झाली नव्हती. पाच वाजता बारा पोरं मला आजी म्हणतात आणि मी काही सांगितलं की लिहून घेतात. या घरात माझं बोलणं आजवर कोणी लिहून घेतलेलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळपासून ह्यांनी सगळं तपासलं. स्टुलावर चढले, टेस्टर लावला, वायर हलवून पाहिली. "आज नाही जाणार, बघ तू." मी देवाजवळ दिवा लावला आणि वर गेले. वर्ग सुरेख रंगला होता. मॅडम कोपऱ्यातल्या चौकटीत हसत होत्या, मान हलवत होत्या. मी गोष्टीतल्या म्हाताऱ्याचा आवाज काढत होते आणि राउटरचा दिवा विझला.

खाली हाक मारली. हे म्हणाले, "बघून राहिलो, बघून राहिलो." नेट आलंच नाही. शेवटी मोबाइलवरून जोडायचा प्रयत्न केला. रेंज कुठली. मी मोबाइल धरलेला हात वर करून गच्चीत फिरत होते. शेजारच्या बाईंना वाटलं मी माकडं हाकलते आहे.

१ मार्च, शनिवार

संस्थेवाले नको म्हणाले. श्रद्धाच सांगत होती पण तिचाच आवाज भरून आला होता. वर्ग दुसऱ्या कुणा बाईंकडे जाणार. मी नाही रडले. "काही हरकत नाही गं," म्हटलं, आणि फोन ठेवून पोळ्या लाटायला घेतल्या.

हे बाहेर जाऊन गरम खोव्याची जिलबी घेऊन आले. माझ्या ताटात स्वतः वाढली. "चलो, सुटली तू," म्हणाले. मग किती तरी वेळ गप्पा मारल्या, फॅक्टरीतल्या, आमच्या पहिल्या क्वार्टरच्या. इतके बोलके मी ह्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. माणूस दुःखात आपल्याबरोबर असला की बरं वाटतं.

१२ मार्च, बुधवार

काही दिवस वही उघडली नाही. आज उघडली, कारण मनात एक गोष्ट आली आहे आणि ती कुणाला सांगण्यासारखी नाही.

वर्ग गेल्यापासून नेट एकदाही गेलेलं नाही.

दुपारी मी वर बसून भजनं ऐकते. संध्याकाळी अवंतीशी बोलते. पाच वाजता मुद्दाम टेबलाशी जाऊन बसते. दिवा हिरवाच्या हिरवा. उंदीर वर्गाच्या दिवशीच येत होते का? त्या शनिवारी हे मझौलीला होते तेव्हा गेलं नाही. हाक मारायच्या आधी हे जिन्यात. आणि दिवा विझायचा. अवंतीने सांगितलं होतं ना, विझला तर मधली वायर. मधल्या वायरीची दोन टोकं. एक माझ्या टेबलावर, मी त्याच्यासमोर बसलेली.

लिहिते आहे आणि स्वतःचीच लाज वाटते. शिडीवर चढलेल्या माणसावर मी संशय घेते आहे. मला देवाने चांगलं मन द्यावं.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड झाली. आज मी आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्याशी ठरवून खोटं बोलले. जेवताना म्हटलं, श्रद्धाने आणखी एक संधी दिली आहे, आज पाच वाजता वर्ग आहे. ह्यांचा घास हातातच राहिला. "अच्छा," म्हणाले. "बढिया."

साडेचारला चहा दिला. वर गेले, दार लावलं, लॅपटॉप उघडला. पडद्यावर मी एकटीच. मी मोठ्याने म्हटलं, "या मुलांनो, आज कोण कोण आलं?" आणि शिकवायला लागले. वेदांगला रागावले, सुखदाला शाबासकी दिली. एकदा हसलेसुद्धा, खाली ऐकू जाईल इतकं. मनात एकच होतं, जाऊ नको, जाऊ नको, मला खोटी ठरव. मी बाराखडीपर्यंत आले आणि हिरवा दिवा विझला.

तरी मी बोलत राहिले. बोलत बोलत दार उघडलं आणि अनवाणी खाली गेले. हे पलंगाच्या कडेला बसले होते. वायरीचं टोक ह्यांच्या हातात होतं. मोडेमचं भोक रिकामं होतं. नजर घड्याळावर होती.

मला पाहिलं आणि म्हणाले, "लूज झाली होती."

मी म्हटलं, "वर कोणी नाही. वर्ग नव्हताच."

समजायला थोडा वेळ लागला. मग ह्यांनी जे म्हटलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "म्हणजे तू माझ्यासंगं झूठ बोलली?"

हो म्हटलं. बोलले. तुम्ही महिनाभर काय करत होता? वायर आणली, पाइप घातला, मी शिडी धरून उभी राहिले. माझ्या हातून शिडी धरवून घेतली तुम्ही! तो सचिन घरात आला, त्याला मी पाणी नाही विचारलं. नागपूरला मी उंदरांना दोष दिला. आणि माझी नोकरी गेल्यावर जिलबी आणली. ती मी खाल्ली.

ह्यांनी वायरीचं टोक पलंगावर ठेवलं. मग एकदम बोलायला लागले. "पाच वाजता मी काय करू, सांग? जन्मभर पाचला फॅक्टरीतून आलो, तू दारात. आता तू वर जाते, दरवाजा लावते, हसून राहते त्या पोरांसंगं. मला खाली ऐकू येते. माझ्यासंगं अशी कधी हसली का तू?"

"मग सांगायचं होतं."

"काय सांगू? बुढ्ढा झालो, एकटं वाटते, असं सांगू?"

हो, असंच. असं सांगितलं असतं तर मी मंगळवार सोडला असता, वेळ बदलून मागितली असती, ह्यांना शेजारी बसवून घेतलं असतं. मला दया आली आणि दया आली म्हणून आणखीच संताप आला. समोरून नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. हरले असते कदाचित, पण भांडले तरी असते. ह्यांनी मला भांडायलासुद्धा दिलं नाही.

आणि तिथे उभी असताना, वायरीचं ते टोक बघताना, मला स्कूटर आठवली. अवंती दोन वर्षांची होती. एका शाळेत मराठीच्या शिक्षिकेची जागा निघाली होती, मला मुलाखतीला बोलावलं होतं. मी नवी साडी नेसून फाटकात उभी आणि हे स्कूटरला किका मारताहेत. सुरूच होईना. फॅक्टरीत मोठमोठ्या मोटारी खोलून जोडणारा माणूस. ऑटो मिळेपर्यंत उशीर झाला, मी पोचले तेव्हा मुलाखती आटोपल्या होत्या. घरी येऊन मीच ह्यांची समजूत काढली होती, जाऊ द्या, तुम्ही किती घामाघूम झाला होता. संध्याकाळी त्याच स्कूटरवर बसून भाजी आणली.

मी फक्त एवढंच म्हटलं, "आणि त्या दिवशीची स्कूटर?"

मला वाटलं विचारतील, कोणती स्कूटर. माझं चुकलं असतं तर मी पाया पडले असते.

हे म्हणाले, "ते आईनं सांगितलं होतं."

सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा त्यांचं सगळं मी केलं. त्या माझा हात धरून म्हणायच्या, तू माझी लेक आहेस. दोघांनाही माहीत होतं. दोघंही माझ्या हातचं जेवत राहिले.

१७ मार्च, सोमवार

सचिनला बोलावलं. बाहेरची लाइन खिडकीवरून वर घेतली, मोडेम माझ्या टेबलावर आणला. दोन्ही डबे शेजारी शेजारी, मधली वायर हातभर. हे बघत होते. सचिनला मी बसवून चहा दिला आणि माफी मागितली. कशाबद्दल ते त्याला कळलं नाही. "अरे आंटीजी, ऐसा क्या," म्हणाला.

हे दोन दिवस समोर आले की नजर चुकवतात. सकाळी हळूच म्हणाले, "अवंतीला नको सांगू. घरातली गोष्ट आहे." मला अजून कळत नाही की ह्यांच्याबरोबर मी कशी राहणार आहे. राहणार आहे, एवढं माहीत आहे. ह्यांना पान वाढते, माझं पान नंतर घेते, तोंडात घास फिरत राहतो.

संध्याकाळी श्रद्धाला फोन केला. जागा असो नसो, मला परत एकदा बघा म्हटलं. ती बिचारी घुटमळली. "काकू, मी वर बोलेन, पण ते पहिलं हेच विचारतील. तुमच्याकडे प्रॉब्लेम नेमका काय होता?"

हे जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन उभे होते. मला दिसत होते. मान वर करून माझ्याकडे बघत होते आणि हाताने नको नको करत होते. जन्मभर असा हात दिसला की मी आवाज खाली केला आहे, विषय बदलला आहे, पाहुण्यांना आणखी पोहे वाढले आहेत.

"नेट चांगलं होतं," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्यानं वायर काढली होती."